लाँच दिसली म्हणजे नंबर गेला

माझ्या मुलीला चष्मा लागला ही बातमी मी घरच्या ग्रुपवर टाकली आणि तिथून सगळा तमाशा सुरू झाला. शाळेत डोळे तपासायला माणसं आली होती. सहावीच्या वर्गात माझ्या पोरीला तक्त्यावरच्या खालच्या ओळी वाचता येईनात, म्हणून तिला अलिबागला डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांना मायनसचा नंबर निघाला. म्हणजे जवळचं सगळं छान, लांबचं पुसट. तिने दुकानात अर्धा तास आरशासमोर घालवून जांभळी फ्रेम पसंत केली. मी तिचा फोटो काढला, खाली "आमच्या नवीन मॅडम" असं लिहिलं आणि दिला टाकून. मला वाटलं, चार अंगठे येतील, दोन बदाम येतील, संपलं.

आमच्या ग्रुपवर सकाळी जयभीम आणि गुलाबाची फुलं, दुपारी कुणाच्या तरी बारशाचे फोटो आणि संध्याकाळी औषधोपचार असा क्रम असतो. औषधोपचार खातं माझ्या मोठ्या नणंदेकडे. त्या पनवेलला असतात. फोटो पडल्या पडल्या त्यांचा मेसेज आला, "अगं बाई, इतक्या लवकर चष्मा? लावू नको हं तिला. एकदा लावला ना वहिनी, की नंबर वाढतच जातो. आदत लागते डोळ्यांना." मागोमाग एक व्हिडिओ. पांढरा कुडता घातलेला एक तरुण टेकडीवर उभा राहून सांगत होता की रोज सकाळी लांब बघा, डोळ्यांचा नंबर आपोआप उतरतो, चष्मेवाले तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत. त्याच्या नाकावर चष्म्याचे दोन वळ स्पष्ट दिसत होते. मी ते ताबडतोब ग्रुपवर लिहिलं.

मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. "पुरावा काय?" हे माझं आवडतं वाक्य. नवरा म्हणतो की त्याने लग्नाचं विचारलं तेव्हाही मी हेच म्हणाले होते. समोरचा चुकीचं बोलतोय असं वाटलं की माझी बोटं शिवशिवतात, मग गॅसवर दूध असो की कुकर. त्या आठवड्यात आमच्याकडे दूध दोनदा उतू गेलं. ताई गाजराचा रस म्हणाल्या, मी पुरावा मागितला. चुलत दीर बेंबीत एरंडेल तेल घाला म्हणाले, मी विचारलं की बेंबीतून डोळ्यात जायचा रस्ता कुठून आहे. कुणी म्हणालं की पहाटे दवात अनवाणी चाला. मी लिहिलं, आमच्या गावची गुरं रोज चालतात, त्यांचे डोळे तपासून आणते. नवऱ्याने शांतपणे ग्रुपचा आवाज बंद केला. तो वीज खात्यात आहे. कुठली तार जिवंत आहे हे त्याला बरोबर कळतं.

मग त्या भांडणात आबा उतरले.

आबा म्हणजे माझे सासरे. रेवस ते भाऊचा धक्का या लाँचवर त्यांनी उभी हयात इंजिन ड्रायव्हर म्हणून काढली. लिहायचा त्यांना कंटाळा, म्हणून ते बोलून मेसेज पाठवतात, आणि फोनपर्यंत आवाज पोचणार नाही अशा भीतीने ओरडून बोलतात. ते म्हणाले, "मी जन्मभर दर्यावर व्हतो. एकाबी खलाशाला चष्मा बगितला न्हाय. पोरगी दिवसभर मोबाईलमधी तोंड घालून बसते, मग काय व्हनार? लांब बगाय पायजे. माझं डोळं बगा, या वयात पार पलीकडची लाँच वळखतो." हा मेसेज त्यांनी बाहेरच्या ओटीवरून पाठवला होता. मला तो फोनवर आणि खिडकीतून असा दोन्हीकडून ऐकू आला.

मी ओटीवर गेले आणि म्हणाले, "आबा, तुम्ही दर्यावर होतात ते खरं, पण इंजिनखोलीत होतात. तिथून दर्या कुठे दिसतो?"

ते माझ्याशी बोलायचे बंद झाले. नवरा म्हणाला, "काय गरज होती?" मी म्हटलं, खरं बोलायला गरज कशाला लागते? पण आतून मलाही वाईट वाटलं होतं. आबा मला फार आवडतात. मी या घरात आले तेव्हा मला नोकरी करू द्यावी म्हणून ते त्यांच्या सख्ख्या बहिणीशी भांडले होते.

शेवटी सहामाहीची सुट्टी लागली तेव्हा त्यांनीच तह मांडला. "सुट्टी मला दे. रोज सकाळी नातीला बंदरावर नेतो. चष्मा घरी ठेवायचा. फरक न्हाय पडला तर मी माझ्या हातानं तिला घालीन." डॉक्टरही म्हणालेच होते की पोरीला जरा उन्हापाण्यात, बाहेर खेळू द्या. आणि सुट्टीत फळा नव्हता. मी हो म्हटलं. चष्मा डबीत गेला आणि डबी कपाटात.

आता बंदरावरची पद्धत सांगायला हवी. रेवसच्या धक्क्यावर लाँचवरून निवृत्त झालेली तीन-चार म्हातारी माणसं रोज सकाळी कठड्यावर बसतात. मुंबईहून येणारी लाँच लांब ठिपक्याएवढी असते तेव्हा ती कुठली ते ओळखायचं. खाडीत एक खांब आहे. लाँच त्या खांबाशी यायच्या आत ज्याने बरोबर सांगितलं त्याचा चहा फुकट, चुकला तो पाजणार. लाँचवर रंगवलेली नावं हे लोक कधी घेत नाहीत. त्यांच्यासाठी एक मोठी, एक पांढरी, एक पेणवाल्याची आणि एक म्हातारी. एवढ्या वर्षांत आबांनी स्वतः चहा पाजला असं कुणाला आठवत नाही. खुद्द चहावाल्याला आठवत नाही. लाँचची वेळ झाली की आबा कठड्यावर ताठ बसायचे, डोळे बारीक करायचे आणि बाकीच्यांना दटावायचे, "गप ऱ्हावा रे जरा, बगू दे." मग क्षणभर थांबून सांगायचे, आणि तीच निघायची.

त्या कठड्यावर आता माझी मुलगी जाऊन बसली. पहिले काही दिवस ती चुकत होती आणि आबा तिच्या वाटचा चहा आनंदाने पाजत होते. मग एके दिवशी माझी नणंद माहेरपणाला आलेली असताना, सगळ्यांसमोर, आबांच्याही आधी पोरगी म्हणाली, "म्हातारी." जरा वेळाने खांबाला वळसा घालून खरंच म्हातारी आली, एका अंगाला कललेली. ताईंनी हे सगळं फोनवर टिपलं. बिनचष्म्याची पोर, बारीक केलेले डोळे, आबांची शाबासकी, आणि शेवटी लाँच. ताईंनी ते ग्रुपवर टाकलं आणि माझं नाव घेऊन लिहिलं, "वहिनी, पुरावा."

एका शब्दात माझं तोंड बंद. असं पहिल्यांदाच झालं होतं. नवऱ्याने ग्रुपचा आवाज पुन्हा सुरू केला.

एवढ्यावर थांबतील त्या ताई कसल्या. तो व्हिडिओ त्यांनी त्या टेकडीवरच्या कुडतेवाल्याच्या पानावर पाठवला. त्याने वर संगीत लावलं, "रायगडच्या लेकीने नंबर पळवला" असं मोठ्या अक्षरात लिहिलं आणि सोडून दिला. मग काय विचारता. आमच्या धक्क्यावरचा चहावालाही फोनवर आमची पोरगी बघायला लागला. खाली लोक कडाकडा भांडत होते. कुणी म्हणे आजोबांना दंडवत, कुणी म्हणे व्हिडिओ बनावट आहे, कुणी म्हणे दर्याच्या खाऱ्या वाऱ्यातच औषध आहे. एकजण म्हणाला की त्याच्या आजीला शंभरीत सुईत दोरा ओवता यायचा. मी तिथे लिहिलं की लांबचं दिसत नाही त्याला दोरा ओवता येतोच, त्यात काय नवल? तर एका अनोळखी गृहस्थांनी मला लिहिलं, "मॅडम, दोन पुस्तकं शिकलात म्हणून ज्ञान पाजळू नका. आधी त्या मुलीच्या आईला विचारा." मी लिहिलं, मीच तिची आई. त्यावर ते म्हणाले, "पुरावा काय?"

नवरा त्या दिवशी जेवताना सारखा हसत होता.

त्यानंतर शनिवार-रविवारी धक्क्यावर माणसं यायला लागली. किहीम-नागावला राहायला आलेली मुंबईची कुटुंबं समुद्रावरचं खेळणं झालं की गाडी घेऊन रेवसला यायची, पोरांचे चष्मे काढून खिशात घालायची आणि त्यांना कठड्यावर ओळीने बसवायची. "बघ बाळा, लांब बघ, त्या काकांसारखं." बाळं बिचारी उन्हात डोळे चोळत बसायची. आबा अगदी रंगात यायचे. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घालायला सुरुवात केली. चहावाल्याने एक बाक वाढवला. मी एकदा दोन मुलींच्या आईला म्हणाले, "अहो, चष्मे घाला त्यांना, त्यांना काही दिसत नाहीये." ती गोड हसून म्हणाली, "तुम्ही नवीन आहात का इथे?"

सुट्टी संपली, शाळा सुरू झाली आणि चष्मा कपाटातच राहिला. मी काढला की आबा म्हणायचे, "आता कशाला? नंबर गेलाय." पोरीला विचारलं की ती म्हणायची, "मला दिसतंय, आई." आणि मी कोण नाही म्हणणार? मीच पुरावा मागितला होता, तो जगाने बघितला होता. तिच्या वर्गशिक्षिका म्हणाल्या की फळ्यावरचं उतरवताना ती शेजारणीच्या वहीत डोकावते. मी घरी विचारलं तर म्हणाली, "शेजारणीचं अक्षर छान आहे म्हणून." मला राग येत होता, पण कुणावर काढायचा ते ठरेना. मग मी रोज भाजी चिरताना नवऱ्यावर काढला.

एका रविवारी आम्ही दोघी अलिबागच्या बाजारात गेलो होतो. मासळीच्या बाजूला नेहमीची गर्दी. मी कोलंबी निवडत होते आणि पोरगी जरा पलीकडे बांगड्या बघत होती. मी हाक मारली तशी ती वळली, गर्दीतून पळत आली आणि माझ्यासमोरून पुढे गेली. माझ्यासारखीच हिरवी साडी नेसलेली एक बाई चार पावलं पलीकडे उभी होती. माझ्या मुलीने जाऊन तिचा हात धरला आणि म्हणाली, "आई, चल ना." त्या बाईने खाली बघितलं. पोरीने वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला आजही आठवतं. अकरा वर्षांची माझी पोर, आणि भर बाजारात तिला आई ओळखता आली नाही. ती बाई भली होती, हसून म्हणाली, "चुकलीस गं बाळा." मी कोलंबी तिथेच टाकली.

येताना एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. "गर्दी होती," एवढंच म्हणाली. मी काही बोलले नाही. मी बोलले नाही म्हणजे किती झालं असेल ते मला ओळखणाऱ्यांना कळेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते आणि ती जमिनीवर बसून गणितं सोडवत होती. आमच्या स्वयंपाकघराला एकच खिडकी, तीही शेजारच्या भिंतीकडे. तिथून समुद्र दिसायचा प्रश्नच नाही. वहीतून डोकं न काढता ती सहज बोलून गेली, "आज पेणवाल्याची आधी आली वाटतं."

माझा हात पिठातच थांबला. मीही कान दिला. लांबून, अगदी बारीक, इंजिनाचा आवाज येत होता. मला सगळे सारखेच वाटतात. "तुला कसं कळलं गं?" मी विचारलं. तिने पेन्सिल चावली. "ती ठोका चुकवते ना. मधेच. म्हातारी धापा टाकते. मोठीचा आवाज जाड आहे." मग तिला कळलं की आपण काय बोललो, आणि ती एकदम गणितात घुसली.

ध्वनी हा धडा मी दरवर्षी शिकवते. शांत सकाळी पाण्यावरून आवाज किती लांब जातो ते फळ्यावर आकृती काढून सांगते. आणि लाँच बघायला आबांना एवढी शांतता कशाला लागते, हा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. मी भाकरी अर्धी टाकून नवऱ्याला शोधायला गेले. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. आता बघतेच एकेकाला, असं मला वाटत होतं.

पुढच्या रविवारी मी शाळेच्या संगणकखोलीतले मोठे हेडफोन घेऊन धक्क्यावर गेले. कानावर बसले की शेजारी ढोल वाजला तरी कळू नये असे. कठड्यावर आबा, त्यांचे दोन सोबती आणि माझी मुलगी. किहीमवाले अजून यायचे होते. मी नवऱ्याला फोन दिला आणि व्हिडिओ काढायला सांगितलं. मुलीच्या कानावर हेडफोन चढवले, आत गाणं मोठ्याने लावलं. ती कसनुसं तोंड करून म्हणाली, "आई, नको ना." पण मी तेव्हा पुराव्याच्या मागे होते.

लाँच आली. लांब ठिपका, मग जरा मोठा ठिपका. माझी पोर बघत राहिली. तिने आबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि शेवटी अंदाजाने म्हणाली, "पांढरी?" ती मोठी होती.

"बघितलंत?" मी म्हणाले. "तिला दिसत नाही, आबा. ती ऐकून ओळखते."

आबा चिडले. "पोरीच्या कानात भोंगा लावलास तर ती गोंधळनारच. डोळ्याचा नि कानाचा काय संबंध? दे हिकडं." त्यांनी तिच्या डोक्यावरचे हेडफोन काढले आणि स्वतःच्या कानांवर बसवले. "येऊ दे दुसरी. मी सांगतो."

मी त्यांना थांबवायला हवं होतं असं आता वाटतं, पण तेव्हा माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. मला वाटलं, आबा सांगतील आणि मग मला त्यांच्याशी वेगळा वाद घालावा लागेल. बऱ्याच वेळाने दुसरी लाँच दिसली. त्यांचे सोबती तिच्याकडे बघायला लागले. आबा ताठ बसले होते, डोळे बारीक करून. लाँच जवळ आली. तिचं कललेलं अंग मलाही दिसायला लागलं. ती खांबापाशी आली, खांब मागे पडला. आबा तसेच बसून होते. मग कानात गाणं वाजणारी माणसं बोलतात तसे ते मोठ्याने म्हणाले, "अजून लई लांब हाय."

माझ्या मुलीने हात वर करून हळूच त्यांच्या कानावरचे हेडफोन काढले. म्हातारीच्या धापा एकदम ऐकू आल्या असणार त्यांना, कारण त्यांचा चेहराच बदलला. ते त्या आवाजाकडे बघत राहिले. त्यांचे सोबती म्हणाले, "धुकं हाय रे आज," आणि चहा सांगायला उठले. धुकं नव्हतं. नवऱ्याने फोन खाली घेतला होता, पण व्हिडिओ पूर्ण निघाला होता.

अलिबागला आम्ही दोघांना बरोबरच नेलं. आधी मुलीला तपासलं. आबा मागच्या खुर्चीवर बसले होते. तिच्या डोळ्यावर काचा बदलत गेल्या, ती तक्ता वाचत गेली, शेवटच्या ओळीपर्यंत. मग आबांची पाळी. एक डोळा झाकला आणि त्यांनी वरपासून खालपर्यंत सगळ्या ओळी धडाधड म्हणून दाखवल्या. डॉक्टरबाई खूश झाल्या. मग त्यांना काहीतरी वाटलं आणि त्यांनी तक्ता बदलला. आबा खुर्चीतून पुढे वाकले. जरा थांबून म्हणाले, "बदललास व्हय?" मुलगी हसली, बाई हसल्या, मीही हसले, आणि त्यातच मला रडू फुटलं. मला असं कधी होत नाही.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, चांगला पिकलेला. बाई म्हणाल्या की हळूहळू येतो तो, माणसाला स्वतःलाही कळत नाही, वाटतं बाहेरच धूसर आहे. मुलीचा नंबर आधीपेक्षा थोडा वाढला होता. बाई म्हणाल्या, या वयात वाढतोच, चष्मा न लावून कमी झाला नाही एवढं खरं, आणि इतके दिवस तिला वर्गात दिसलं नाही ते वेगळंच. मी टेकडीवाल्याबद्दल विचारलं. "बाहेर खेळू दे तिला, त्याचा मुलांना फायदाच होतो. पण एकदा आलेला नंबर लांब बघून उतरत नाही." म्हणजे ताईंच्या व्हिडिओतलं अर्धं बरोबर निघालं. ते अर्धं मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.

घरी आल्यावर मी मुलीला जवळ घेतलं. चष्मा तिच्या नाकावर होता. "कधी कळलं तुला, की दिसत नाही, ऐकू येतं?"

"आधी मलाच वाटायचं की दिसतंय," ती म्हणाली. "मग एकदा डोळ्यात वाळू गेली तेव्हा डोळे मिटूनही कळलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"आबा सगळ्यांना सांगत होते ना, नंबर गेला म्हणून. शर्ट पण घालायचे इस्त्रीचा."

मी ग्रुपवर आणि त्या पानावर दोन्हीकडे लिहिलं. व्हिडिओतल्या मुलीला लाँच दिसत नव्हती, ती इंजिनाच्या आवाजावरून ओळखत होती. कृपया आपल्या मुलांचे चष्मे काढू नका. आबांबद्दल एक शब्द लिहिला नाही. झालं, सगळे पोरीवर तुटून पडले. खोटारडी आहे. एवढीशी पोर आणि जगाला फसवते. आईनेच पढवलं असणार, शिक्षिका ना ती. ताईंनी ग्रुपवर लिहिलं, "म्हणजे माझ्याच व्हिडिओत मला फसवलं तिने? मी तोंडघशी पडले ना लोकांत." हे सगळं माझी मुलगी वाचत होती. चष्मा लावून, नीट, एकेक अक्षर.

माझ्या फोनमध्ये हेडफोनचा तो व्हिडिओ होता. तो टाकला असता तर सगळ्यांना कळलं असतं की पोर हे कुणाजवळ बसून शिकली. भांडणात मी कुणाच्या बापाला घाबरत नाही. पण व्हिडिओत ते आबा होते, कानात गाणं, खांब मागे पडलेला, आणि "अजून लई लांब हाय." मी तो बघायचे आणि फोन उलटा ठेवायचे. एकीकडे पोर, एकीकडे आबा. असं गप्प बसायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती, आणि गप्प बसणं मला जमतही नाही. मी पोरीवर उगाच ओरडले, नवऱ्यावर ओरडले, चहावाल्यालाही काहीतरी बोलून आले.

आबांचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली, काळा चष्मा आला. बरं वाटायला लागलं तसे ते ओटीवर बसायला लागले आणि त्यांच्या लक्षात आलं की नात फोनला हात लावत नाही आणि त्यांच्याशीही जेवढ्यास तेवढं बोलते. त्यांनी मला हाक मारली. "ग्रुपवर काय चाललंय ते वाचून दाखव."

"काही नाही, आबा. नेहमीचंच."

"सूनबाई, डोळं ग्येलं व्हतं माझं, कान न्हाय. घरात कुनी बोलत न्हाय ते ऐकू येतं मला. वाच."

मी वाचलं. काही गाळलं नाही. ताईंचंही वाचलं, अनोळखी लोकांचंही वाचलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हात पुढे करून फोन मागितला आणि बोलायचं बटण दाबून धरलं. ओरडले नाहीत. इतके हळू बोलले की मला पुढे वाकावं लागलं.

"मी आबा बोलतो. लाँच मला दिसत न्हवती. इंजिन ऐकून सांगत व्हतो, आन मला वाटायचं मी बगतो. नातीला मीच शेजारी बसवली, तिचा चष्मा मीच कपाटात ठेवला. तिला खोटारडी म्हनू नका. पोर माझ्यासाठी खोटं बोलली. मी कुनासाठी बोललो ते मला अजून कळंना. हे त्या कुडतेवाल्याला पन पाठवा. आन ज्यांनी पोरांचे चष्मे काढलेत त्यांनी आजच्या आज घाला."

मी तो लगेच त्या पानावरही पाठवला. कुडतेवाल्याने तो मेसेज लावला की नाही ते मला माहीत नाही, तो पहिला व्हिडिओ मात्र अजून फिरतो. संध्याकाळी पनवेलहून ताईंचा फोन आला. मला नाही, माझ्या मुलीला. ती फोन घेऊन ओटीवर आबांशेजारी जाऊन बसली आणि दोघी बराच वेळ बोलत होत्या. ताई रडत होत्या एवढं मला आतल्या खोलीत ऐकू आलं. काय बोलल्या ते मी विचारलं नाही.